उद्या पेशी आहे

पट्टी बदलताना खाली बघू नका, असं कंपाउंडरनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दहा दिवस मी ऐकलं. अकराव्या दिवशी बघितलं.

उजव्या नडगीवर जिथं टाके होते, तिथं टाके नव्हतेच. कातडी दोन्हीकडे मागं सरकली होती, मधे पिवळट काहीतरी साचलं होतं आणि त्याच्या तळाशी एक पांढरा, कोरडा तुकडा दिसत होता. मी विचारलं, "भाऊ, हा कापूस आतमधी काहून ठेवला?" कंपाउंडरनं माझी मान धरून भिंतीकडे वळवली. तो कापूस नव्हता. माझं हाड होतं.

मी किंचाळले नाही. एकतीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली आहे, पडलेल्या पोट्ट्यांना "उठ, काही नाही झालं" म्हणत आले. त्या दिवशी तेच मनात म्हणत बसले, उठ, काही नाही झालं, काही नाही झालं. आणि दातावर दात वाजत होते.

*

माझं नाव वंदना. आम्ही रायपूरचे, तात्यापाऱ्यातले. माझे पूर्वज भोसल्यांच्या काळात इथं आले ते इथलेच झाले. लिहिताना मी "मला" लिहिते, तोंडातून मात्र "मले"च निघतं, आणि अर्धं बोलणं हिंदीत भिजलेलं असतं. कोणाला खटकलं तर खटकू द्या. हे मी अशा माणसांसाठी लिहिते आहे ज्यांची ऑपरेशनची जखम भरत नाही आणि ज्यांना वाटतं की आपलंच काहीतरी चुकलं. मलाही तसंच वाटत होतं.

पाय मोडला शाळेच्या मैदानावर, वार्षिक खेळांच्या दिवशी. रिले चालू होती. एका पोट्टीच्या हातून दांडी सुटली आणि मी, पन्नाशी उलटलेली बाई, ती दुसऱ्या पोरींच्या पायात येऊ नये म्हणून धावले. चुन्याच्या रेषेपलीकडे खड्डा होता. कडकन् आवाज झाला. सगळ्या मैदानानं ऐकला म्हणतात.

मला निखिलच्या नर्सिंग होममध्ये नेलं. निखिल हा आमच्याच पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला पोट्टा, माझ्या कबड्डीच्या टीममधला, आता हाडांचा डॉक्टर. मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीत देतो, आजकालच्या सगळ्या पोट्ट्यांसारखा. त्याला सोडून दुसऱ्या कोणाकडे जायचा प्रश्नच नव्हता. त्यानं प्लेट बसवली आणि म्हणाला, "मैडम, तीन महीने में दौड़ोगी."

मग ताप आला. मग जखमेला वास यायला लागला. निखिलनं दोनदा धुतली, औषधं बदलली, आणि मान खाली घालून म्हणाला, "मैडम, शुगर की वजह से है."

मला शुगर आहे, खरं आहे. थोडीशी. मी त्याच दिवशी चहातली साखर सोडली, भात सोडला, आंबा बघायचाही सोडला. शेजारच्या बायका भेटायला आल्या की मी स्वतःच सांगायची, माझ्याच जिभेनं माझा पाय खाल्ला. हे वाक्य मी किती जणींना सांगितलं असेल, आठवलं की आज अंगाची आग होते.

*

निखिलनंच मला मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं, तेलीबांध्याच्या पुढं, नव्या राजधानीकडं जाणाऱ्या रस्त्यावर. नवी इमारत, लिफ्टला अजून प्लास्टिक चिकटलेलं, खिडकीतून मोकळी जमीन आणि अर्धवट बांधलेले सरकारी बंगले. तिथं त्यांनी प्लेट काढून टाकली. हाड जेमतेम धरलं होतं, जखम मात्र तशीच उघडी.

हॉस्पिटलचा दिवस म्हणजे शाळेचं टाइमटेबलच. सकाळी टेंपरेचर, मग सुई, मग पोहे, मग ड्रेसिंग, मग मोठे डॉक्टर त्यांच्या पलटणीसह राउंडला. ते आपसांत इंग्रजी अक्षरांत बोलायचे. त्यातली दोन अक्षरं दोन दिवस सारखी कानावर येत होती, बी.के. "बी.के. सोचना पड़ेगा." "बी.के. के लिए फैमिली से बात करो."

मला वाटलं नवीन इंजेक्शन असेल. माझा अशा बाबतीत धीर कमीच. मी नर्सला म्हटलं, "सिस्टर, ये बी.के. कब दोगे मुझे? जल्दी दे दो ना, बाकी किसी से तो फरक पड़ा नहीं."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं, आणि निघूनच गेली. थोड्या वेळानं मोठे डॉक्टर एकटेच आले, स्टूल ओढून बसले आणि स्वतःच्या मांडीवर हात ठेवून बोलले. बी.के. म्हणजे गुडघ्याच्या खालून पाय कापणं. जखम अशीच राहिली आणि वर सरकली तर दुसरा इलाज नाही.

"आणि मी जल्दी दे दो म्हटलं!" हेच माझ्या डोक्यात फिरत राहिलं. कापण्याचं दुःख नंतर आलं. आधी आली ती लाज, की मी हसून, हात पुढं करून मागितलं.

*

आता ह्यांच्याबद्दल. माझे मिस्टर प्रभाकर, मूळचे अकोल्याकडचे, जिल्हा कोर्टात रीडर. रीडर म्हणजे साहेबांच्या शेजारी बसून फायली पुढं सरकवणारा आणि पुढची तारीख देणारा माणूस. तीस वर्षं हेच केल्यामुळे घरातही तसंच. नळ गळतो म्हटलं की "पुढच्या तारखेला पाहू". मी आरडाओरडा करणारी, हे थंड. एरवी आमचं चांगलं जमतं.

पण बी.के. ऐकल्यापासून हे बोलेनासेच झाले. संध्याकाळी कोर्टातून यायचे, डबा उघडून द्यायचे, आणि स्टुलावर बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहायचे. माझ्या पायाकडे चुकूनही बघत नव्हते. पांघरूण बाजूला झालं की उठून पाणी भरायला जायचे. भरलेला जग ओतून पुन्हा भरायचे.

एकदा मी ओरडलेच, सगळ्या वॉर्डासमोर. "पाय माझा जाऊन राहिला, तुमचा नाही! पाहा तरी एकदा!"

हे म्हणाले, "उद्या पाहतो."

म्हणजे मलाही तारीखच. त्या दिवशी मी जेवले नाही. भिलाईहून लेकीचा फोन आला तर तिलाही रागावले. वॉर्डातली आया, दुलारी नावाची, तिनं मुकाट्यानं माझी वेणी घातली. मी सांगितलं नव्हतं, तिनं विचारलंही नाही. इतक्या दिवसांत माझ्या अंगाला सुईशिवाय कोणी हात लावला तो तेवढाच.

*

त्याच आठवड्यात डॉ. गौरी आल्या. पुण्याच्या, वयानं माझ्या लेकीएवढ्या. जखमांवरच्या एका अभ्यासाचं काम त्यांच्याकडे होतं. त्या मराठीत बोलायला लागल्या आणि मी बघतच राहिले. काय ती मराठी! प्रत्येक शब्द धुऊन इस्त्री केलेला.

"वंदनाताई, तुमच्या कमरेच्या हाडातून थोडा मगज काढायचा. त्यात मूळ पेशी असतात. त्या वेगळ्या करून जखमेच्या कडांना आणि तळाशी सोडायच्या. त्या शरीराला भरून यायला मदत करतात, असं दिसतंय."

"मूळ पेशी म्हणजे?"

"ज्यांचं अजून काय व्हायचं ते ठरलेलं नाही अशा पेशी."

"म्हणजे ज्यांची तुकडी अजून पडली नाही अशी पोट्टी."

त्या खूप हसल्या. मग हसणं आवरून स्पष्ट बोलल्या, आणि ते मी इथं मुद्दाम लिहिते. याची हमी नाही. हा अजून अभ्यास आहे, बाजारातला इलाज नाही. कोणी खात्री देऊन पेशी विकत असेल तर तिथून उठून या. अभ्यासात एका पेशंटला एकदाच संधी. आणि जखमेत जंतू असतील तर पेशी टाकून उपयोग नाही, त्या टिकतच नाहीत. माझ्या जखमेच्या दोन्ही तपासण्या स्वच्छ आल्या होत्या, म्हणून माझा नंबर लागला. उद्या सकाळी दहा वाजता. भूल द्यायची म्हणून घरच्यांची सही हवी, आणि पहिल्या ऑपरेशनचे सगळे कागद हवेत.

पाय वाचवायचा हा शेवटचा दरवाजा होता, हे न सांगताही मला कळलं.

आणि तो शब्द माझ्या तोंडात बसला. पेशी. आम्ही रायपूरचे लोक स्टेम सेलच म्हणणार, पण मला शुद्ध मराठी बोलायची हौस आली. तीच अंगाशी आली.

संध्याकाळी ह्यांना फोन लावला. त्या दिवशी हे कोर्टाच्या कामात अडकले होते, येणार नव्हते.

"अहो, उद्या दहाले पेशी आहे."

तिकडून ह्यांनी विचारलं,

"कोनाची पेशी?"

"कोनाची म्हणजे? माझी! डॉक्टरनं सांगितलं, आता उशीर नाही करायचा."

"अव, पण तू मले न विचारता..."

"तुमाले कायले विचारू? तुम्ही भिंतीकडे पाहत बसता. सही लागते तुमची, दहाच्या आत या. आन् निखिलकडून सगळी फाइल घ्या. एकही कागद सुटला नाही पाहिजे."

"वंदना, तो आपल्या पाऱ्यातला पोट्टा आहे."

"मंग? कागद देल्यानं मरते का तो?"

"एकडाव विचार कर."

"केला. पाय माझा आहे."

फोन मीच ठेवला. वाटलं, नवरा घाबरून राहिला माझ्यासाठी. बरं वाटलं, खोटं काय सांगू.

*

सकाळी मला हिरवा गाऊन घातला. उपाशीपोटी होते. साडेनऊ झाले, हे नाहीत. पावणेदहा. सिस्टर दोनदा विचारून गेली, "भैया आए?" ह्यांचा फोन बंद. कोर्टात असले की बंदच असतो, पण आज कोर्टात जायचं काय काम होतं?

दहा वाजले. पेशी वेगळ्या करणारा माणूस मशिनीजवळ तयार बसला होता, तो पुन्हा कधी येईल याचा भरवसा नव्हता. मला कळून चुकलं. ह्यांना बघवत नाही म्हणून हे आलेच नाहीत. एकतीस वर्षांचा संसार, आणि माणूस एका सहीला आला नाही. मी छताकडे बघत होते आणि डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं.

तेवढ्यात दार उघडलं. निखिल. हातात फाइल, शर्टाचं बटण चुकीचं लावलेलं. सरळ येऊन माझ्या चांगल्या पायावर डोकं टेकवलं.

"मैडम, पेशी से पहले एक बार मेरी बात सुन लो."

मला वाटलं ह्यांनी कागद पाठवले आणि हा धीर द्यायला आला. "बोल बाबा, लवकर बोल. दहा वाजून गेले."

"मैं सब बता देता हूँ. आप केस मत करो. उस हफ्ते हमारा ऑटोक्लेव खराब था."

ऑटोक्लेव म्हणजे हत्यारं वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र. ते मला नंतर कळलं. तेव्हा मी नुसतं त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"औज़ार दवाई के पानी में डुबाकर काम चलाया. मुझे मालूम था कि ठीक नहीं है. उस हफ्ते तीन ऑपरेशन हुए. आप, और दो. दोनों का घाव भी ऐसा ही हुआ. एक की जाँच बाहर से कराई, उसमें जंतु निकला. धीरे-धीरे बढ़ने वाला, मामूली जाँच में नहीं दिखता." तो थांबला. "उसका पैर चला गया, मैडम."

"आन् शुगर?" मी विचारलं.

त्यानं मान हलवली. नाही.

"हा रिपोर्ट कधीचा?" हा आवाज माझा नव्हता. डॉ. गौरी सहीचं विचारायला आल्या होत्या आणि दारातच उभ्या होत्या. त्यांनी त्याच्या हातातून फाइल ओढून घेतली.

"तीन हफ्ते," निखिल म्हणाला.

तीन आठवडे! त्या तीन आठवड्यांत त्यानं मला दोनदा फोन केला होता. "कैसी हो मैडम, शुगर कंट्रोल में है ना?" आणि कागद त्याच्या टेबलाच्या खणात होता.

लोक मला विचारतात, तू काय केलंस? थोबाडीत मारली असशील. मी, जिच्या शिट्टीला अख्खी शाळा घाबरायची. मी काय केलं सांगू? मी त्याला विचारलं, "चहा घेतला का रे?" तोंडातून तेवढंच निघालं. डोकं बधिर झालं होतं. माझी मलाच आजवर चीड येते.

डॉ. गौरी स्टुलावर बसल्या. रिपोर्ट दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "आज पेशी नाही."

निखिलचा चेहरा एकदम उजळला. "कैंसिल हो गई?"

त्या त्याच्याकडे बघतच राहिल्या. मीही. हा माणूस माझ्या पेशी रद्द झाल्या म्हणून खूश काहून होऊन राहिला?

*

साडेबाराला हे आले. घामानं भिजलेले, चष्म्यावर धूळ.

"वंदना," दारातूनच म्हणाले, "तुझं नाव कोनत्याच बोर्डावर नाही. आठही कोर्टं पाहिली, फायलिंगला विचारलं. कोनत्या वकिलानं लावली तुझी पेशी?"



मग मला उमगलं. हळूहळू, पायाच्या अंगठ्यापासून वर. ह्यांच्यासाठी पेशी म्हणजे तारीख. कोर्टातली. तीस वर्षं ह्यांनी दुसरी कोणती पेशी ऐकलीच नव्हती. माझा फोन आला आणि ह्यांना वाटलं, बायकोनं अंथरुणातून निखिलवर केस ठोकली. रात्रभर झोपले नाहीत. त्याआधी निखिलला फोन करून सांगितलं, "बेटा, उद्या पेशी आहे, कागद मागितले, मी काही नाही केलं." आणि सकाळी माझी केस शोधत कोर्टाच्या जिन्यांवर फिरत राहिले.

"मले वाटलं तुले अँब्युलन्समधून तिथंच आनतात," हे म्हणाले. "फाटकापाशी उभा होतो तासभर. उतरवून घ्यायले."

मी हसायला लागले. थांबेचना. हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही. मी काय काय बोलले होते ह्यांना मनातल्या मनात! हे वेडे तिकडं फाटकाशी उभे.

सगळं समजावून सांगितल्यावर ह्यांनी डॉ. गौरींना विचारलं, "मॅडम, मी दहाले येऊन सही केली असती तर?"

"तर आज आपण पेशी सोडल्या असत्या," त्या म्हणाल्या. "जंतू आत होताच. त्या टिकल्या नसत्या. आणि संधी एकदाच होती."

हे माझ्या पायाजवळ आले, पांघरूण बाजूला केलं आणि ड्रेसिंगच्या आत काय आहे ते दाखवा म्हणाले. सिस्टरनं दाखवलं. ह्यांनी पूर्ण बघितलं. बघून झाल्यावर माझा तळपाय दोन्ही हातांत धरून बसून राहिले.

*

त्या जंतूची औषधं महिनोन्महिने चालली. त्याबद्दल काय सांगू? तोंड कडू, कानात शिट्ट्या, सकाळी उलटी. माझ्याच शिट्ट्या परत येऊन राहिल्या, असं मी म्हणायची. हे पाटावर बसून माझा पाय धुवायचे. कोर्टातले थंड हात, पण काम मन लावून.

मग पुन्हा तपासणी, या वेळी त्याच जंतूची, नीट. स्वच्छ. आणि मग एका सकाळी खऱ्या पेशी. हे सात वाजताच आले, खिशात दोन पेन. एक बंद पडला तर.

चमत्कार वगैरे काही वाटला नाही. शुद्धीवर आले तेव्हा कंबर दुखत होती आणि पाय तसाच होता. दोन आठवडे काहीच झालं नाही. मी रोज खाली बघायची, आता मला कोणी अडवत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात कडेला गुलाबी रंग दिसला. मग हाड दिसेनासं झालं. मग एक दिवस ड्रेसिंग करणारा कंपाउंडर स्वतःच वाकून बघत म्हणाला, "वाह मैडम!"

डॉ. गौरी मात्र शेवटपर्यंत सांगत राहिल्या, यात औषधाचं किती आणि पेशींचं किती, ते एकट्या तुमच्या पायावरून सांगता येणार नाही. मला त्यांचा हा खरेपणा औषधाइतकाच लागू पडला. खोटं ऐकून माझे कान किटले होते.

जखम बुजली तेव्हा मी गोल बाजारात जाऊन चपलांचा जोड घेतला. दुकानदारानं डबा उघडून दोन्ही पुढं ठेवल्या. मी किती वेळ दोन्हींकडे बघत उभी होते.

*

हे इथं संपवता आलं असतं. पण नाही संपत.

हे आता रिटायर झाले आहेत, तरी आठवड्यातून एकदा कोर्टात चहा प्यायला जातात, आणि सवयीनं बोर्ड वाचतात. मागं एकदा घरी आले ते चपला न काढताच आत आले.

"वंदना, उद्या पेशी आहे."

"कोणती?" मी चेष्टेनं विचारलं.

"खरी."

निखिलच्या नावासमोर एका माणसाचं नाव होतं. बिसाहू. रायपूरलगतच्या उरला भागातल्या रोलिंग मिलमधला कामगार. माझ्याच आठवड्यात ऑपरेशन झालेला, पाय गेलेला, तोच तो. निखिलनं कोर्टात लेखी उत्तर दिलं होतं. ह्यांनी ओळखीच्या बाबूकडून वाचून आणलं. यंत्रात काही बिघाड नव्हता. पेशंट बिडी पितो, पट्टी ओली करतो, म्हणून जखम चिघळली.

मला पुन्हा ते हाड दिसल्यासारखं झालं. माझी शुगर, त्याची बिडी.

निखिलची आई घरी आली, रडली. पाऱ्यातले लोक म्हणाले, घरचा पोट्टा आहे, तुझा पाय तर वाचला ना? हो, वाचला. मी त्या पायानंच चालत कोर्टात गेले आणि बिसाहूच्या वकिलाला म्हटलं, मला साक्ष द्यायची आहे.

माझ्या साक्षीच्या दिवशी बिसाहू बाहेर बाकावर बसला होता. पँटची एक बाजू दुमडून पिन लावलेली. ओळख झाली. त्यानं माझ्या पायाकडे बघितलं.

"मैडम, तुँहर गोड़ बाँचगे?" तुमचा पाय वाचला?

"हव," मी म्हणाले.

"देखँव का?" बघू का?

मी साडी नडगीपर्यंत वर केली. त्यानं वाकून बराच वेळ बघितलं, हात लावला नाही. "बने भरे हवय," म्हणाला. छान भरलं आहे. मग म्हणाला, "मोला कोनो नइ बताइस." मला कोणीच सांगितलं नाही.

मला तरी कोणी सांगितलं होतं? एका शब्दाची चूक झाली म्हणून कळलं. हे मी त्याला कसं सांगणार होते?

नावाचा पुकारा झाला. आत मी सुरुवात केली, "साहब, पेशी के दिन डॉक्टर खुद मेरे पास आए थे."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "किस पेशी के दिन? आपका तो यहाँ कोई केस ही नहीं है."

मी सांगितलं. हिंदीत कोशिका, मराठीत पेशी. ह्यांचं फाटकाशी उभं राहणं. सगळं कोर्ट हसलं. टायपिंग करणारी बाई तोंडावर हात धरून हसली, मागच्या बाकावर हे हसले, निखिलही हसला, सातवीत असताना हसायचा तसाच. मीही हसले.

बिसाहू तेवढा हसला नाही. तो अजून माझ्या पायाकडे बघत होता.

माझं हसणं थांबलं. साहेब शिपायाला म्हणाले, "मैडम को कुर्सी दो." मी नको म्हटलं. आणि ती सकाळ पहिल्यापासून सांगितली, यंत्र, पाणी, तीन ऑपरेशनं, खणातला कागद, मी चहा विचारला तिथपर्यंत, दोन्ही पायांवर उभी राहून.